ज्यांना चालत असेल त्यांनी यावं

बाबा गेले त्याच्या चौथ्या महिन्यात मला कळलं की नकाशाच्या लेखी आमचं दुकानही गेलं होतं. पुण्यात ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत मी डबा संपवता संपवता उगाच फोनवरच्या नकाशात तुळजापूर उघडून आमची गल्ली शोधत होते. मंदिराच्या रस्त्याला फुटते आणि पुढं चढाला लागते ती गल्ली. आमचा ठिपका जागेवर होता, पण त्याच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कायमचे बंद'.

मी तिथल्या तिथं आईला फोन लावला. मागून बांगड्यांचा आवाज येत होता.

"दुकान उघडं आहे ना गं?"

"उघडंच हाय की. येडी का काय तू?"

ती लाल अक्षरं कुणाची ते कधीच कळलं नाही. नकाशात कुणालाही तशी सूचना करता येते. गल्लीतल्या कुणी चांगल्या मनानंही केली असेल. मालक वारले, म्हणजे दुकान संपलं, असा साधा हिशेब. पण माझा स्वभाव ना बाबांचा, ना आईचा. मला राग पटकन येतो आणि उतरायला चार दिवस लागतात. त्या दुपारी मी मनातल्या मनात अख्ख्या गल्लीला शिव्या घातल्या आणि शनिवारची एसटी पकडली.

आमचं दुकान बांगड्यांचं. दहा बाय आठची खोली, तीन भिंतींना बांगड्या ओवून ठेवलेले नळे, खाली गादी आणि मागं घर. बाबा बाईचा हात नुसता बघून माप सांगायचे, दोन-चार, दोन-सहा. फार तर अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबून बघायचे. देवीला आलेली बाई गादीसमोर बसली की त्यांचं एकच वाक्य असायचं. "हात सैल सोड बाई, माहेरी आलीस असं समज." आणि खरंच हात सैल पडायचा. डझनभर भरून झाल्या की वर एक जास्तीची बांगडी. ती मोजायची नाही, तिचे पैसे नाहीत. मग बाई रीतीप्रमाणं त्यांना वाकून नमस्कार करायची आणि बाबा दर वेळी अवघडून दोन्ही हात जोडायचे.

आई मागं बसून मापं लावायची, दोऱ्यात बांधायची. पण कासाराचीच लेक ती. तिचा हात बाबांपेक्षा हलका होता, हे बाबाच सांगायचे. डोहाळजेवण असलं, बारसं असलं की गल्लीतल्या बायका आईलाच घरी बोलवायच्या. तुझ्या हातानं भर, दुखत नाही, म्हणायच्या.

बाबा गेल्यावर तोच हात चालेनासा झाला. कुणी तोंडानं काही बोललं नाही, तसं कुणी बोलतही नाही. शेजारच्या काकू आल्या, दोन डझन घेतल्या आणि म्हणाल्या, "बांधून दे, घरी जाऊन घालीन." आणखी एक आली, तिनंही बांधून घेतल्या. समोरच्यांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा चुडा भरायला सगळ्या खालच्या चौकातल्या दुकानात गेल्या. आमच्या दारावरून जाताना मात्र आईला हसून "जेवलीस का" विचारून गेल्या. तीन भिंती भरून बांगड्या असलेल्या दुकानात आई मोकळ्या हातांनी बसून होती आणि ते हात कुणालाच नको होते. मला त्याचा फार त्रास व्हायचा. आई म्हणायची, रीत हाय.

मी तिला पुण्याला चल म्हणाले. "तिथं येऊन काय करू? तुझे डबे भरू?" म्हणाली. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी एवढं ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. तोवर गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर दुकान वाढवायचं आणि तिनं माझ्याकडं यायचं. आमच्यात दुकान बंद करायचं, बांगडी फुटली असं म्हणत नाहीत; दुकान वाढवायचं, बांगडी वाढवली म्हणतात. हे ती शांतपणे म्हणाली, पण म्हणताना तिची नजर नळ्यांवरून फिरत होती. या खोलीबाहेर ती जगेल, पण तिचं तिला उरणार काहीच नाही, हे मला दिसत होतं.

म्हणून मी नकाशाच्या मागं लागले. गल्लीला रीत ठाऊक होती, पण परगावाहून येणाऱ्या बाईला कुठं काय ठाऊक असतं? ती फोनवर बघते आणि फोन नेईल तिकडं जाते. तो फोन आमच्या दारात आणायचा, एवढंच माझं काम.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. नकाशावाल्यांना दुकान खरोखर आहे याचा व्हिडिओ हवा होता. गल्ली दिसली पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, कुलूप उघडताना दिसलं पाहिजे. आता आमच्याकडं पाटी असायला दुकानाला नाव तर हवं. सगळे नुसतं 'चढावरचा कासार' म्हणायचे. पेंटरला बोलावून 'चढावरचे बांगड्यांचे दुकान' एवढं लिहून घेतलं. नकाशात तेच नाव मी हिंदीत टाकलं, कन्नडमध्ये टाकलं, कारण निम्म्या बायका सीमेपलीकडून येतात आणि बांगडीला बळे म्हणतात. ठिपका मागच्या बोळात पडला होता, तो ओढून दारात आणला.

वेळेवरून मात्र आमचं वाजलं.

"सकाळी आठला उघडं, रात्री आठला बंद, असं लिहू?"

"बंद लिहू नको."

"अगं, यात उघडं आणि बंद एवढंच असतं."

"मग उघडंच लिही."

"चोवीस तास?"

"लिही की. मी कुठं जाती?"

लिहिलं. दुसऱ्याच मंगळवारी, तांबडं फुटायच्या आत, गुलबर्ग्याकडच्या सात बायका जीपमधून उतरून आमचं दार ठोठावत होत्या. आईनं उघडलं. चूळ भरून, देवापुढं दिवा लावून तिनं सातही जणींना बांगड्या भरल्या. तिचं माहेर उमरग्याकडचं, त्यामुळं कन्नड तिला येतंच. मला फोन करून सांगताना आवाजात असा काही हुरूप होता की वेळ बदलायची गोष्ट मी काढलीच नाही.

उरला फोटो. आईनं हात दाखवायला साफ नकार दिला. मी मोबाईल वर केला की ती पदर ओढून मनगटं झाकायची. मग मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला जुना फोटो काढला. त्यात कुणाचाच चेहरा नाही. बाबांचे दोन हात, त्यांत नवरीचा हात आणि अर्ध्यावर सरकलेली हिरवी बांगडी. फोटो देखणा होता, मी तोच लावला. चूक झाली ती इथंच, पण तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

बायका येऊ लागल्या. फोन समोर धरून, चढ चढून, दम खात. कुणी जाताना दोन ओळी लिहून जायच्या. आई त्या मला फोनवर वाचायला लावायची आणि प्रत्येकीला उत्तर सांगायची, कारण दारात आलेल्या माणसाला न बोलता कसं पाठवायचं? एकीनं लिहिलं होतं की बांगड्या छान आहेत, पण हात थोडा दुखला. आईनं उत्तर सांगितलं, "बाई, तुमचं अंगठ्याचं हाड जरा मोठं आहे. पुढच्या खेपेला दोन-सहा घ्या. घरी सगळे बरे आहेत ना?" उत्तरं दिली की नकाशात दुकान वर येतं, हे मला माहीत होतं. आईला मी ते सांगितलं नाही. ती त्यासाठी करतच नव्हती.

जेठात बार्शीकडचं एक वऱ्हाड आलं. लग्न लागून दोन दिवस झालेली नवरी, नवरा, सासू आणि दोन नणंदा, देवीच्या पाया पडायला आलेले. आईनं नवरीला चुडा भरला. नवरी लाजत नमस्कार करून उठली आणि सासूनं सहज विचारलं, "फोटोत तर बाप्यामाणसाचे हात हायेत. मालक कुठं गेले?"

आईला खोटं बोलता येत नाही. "न्हाईत आता," म्हणाली. "कार्तिकात गेले."

सासू "बरं, बरं" म्हणाली. पैसे दिले, आईला पाणी मागून प्यायली, सगळे गेले. आई ओट्यावर उभी होती. गल्लीच्या तोंडाशी, कुणाला दिसू नये अशा बेतानं, सासूनं नवरीला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एकेक करून सगळ्या बांगड्या उतरवून पिशवीत ठेवल्या.

आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. "लई जपून काढल्या गं. एक बी वाढवली न्हाय. त्या पोरीचा हात लाल झाला असंल."

मी फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईचं काय चुकलं? नवी सून हाय, तिच्या जिवाला भ्या वाटलं. चुकलं आपलं. फोटो ह्यांचा आन् हात माझा. न सांगता मी त्या पोरीचा हात धरला. आदी सांगाय पायजे होतं."

"काय सांगायला पाहिजे होतं?"

"लिहून घे," म्हणाली. तिनं वाक्यं आधीच जुळवून ठेवली होती, अगदी पुस्तकी भाषेत. "दुकानाचे मालक वारले. आता बांगड्या त्यांची पत्नी भरते. ज्यांना चालत असेल त्यांनी यावं."

"आई, हे कुणी लिहितं का? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"लिही म्हणते ना."

मी लिहिलं म्हणून सांगितलं. लिहिलं नव्हतं. आठ-पंधरा दिवसांत ती विसरेल असा माझा होरा होता. आषाढात कॉलेजातली एक पोरगी दुकानात आली, तेव्हा आईनं तिच्याकडून आमच्या दुकानाची माहिती मोठ्यानं वाचून घेतली. त्यात माझं लिखाण होतं, सुंदर व दर्जेदार काचेच्या बांगड्यांचे विश्वासाचे ठिकाण वगैरे.

संध्याकाळी फोन आला. "मला फसवलंस ते फसवलंस. लेक हायेस, चालतंय. आता येणाऱ्या बायांना कशापाई फसवतीस?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तिची तीन वाक्यं जशीच्या तशी चढवली. 'वारले' हा शब्द टाइप करताना मला रडू आलं. बाबा गेल्यापासून मी तो कुठं लिहिला नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. तासाभरात आईचा पुन्हा फोन. "कन्नडमदी बी लिही. त्यांनी काय पाप केलंय?" शेजारच्या टेबलावरच्या गुलबर्ग्याच्या मुलीकडून मी ते लिहून घेतलं. मजकूर वाचून तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहून दिलं.

मग व्हायचं तेच झालं. गर्दी ओसरली. बायका चढाच्या खालीच थांबून फोन बघायच्या आणि वळायच्या. आईला ते ओट्यावरून दिसायचं. श्रावणातले दोन शुक्रवार तर नुसतेच गेले. मी म्हटलं, बघ, सांगत होते मी. ती म्हणाली, "जी येती ती वाचून येती. मला तिचा हात धरताना धडधड होत न्हाय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस, त्या प्रत्येक हाताला धरताना, तिला धडधडत होतं. आणि मी पुण्यात बसून गिऱ्हाइकं मोजत होते.

भादव्यात मी दोन दिवस घरी गेले होते. दसरा महिन्यावर आला होता. त्याचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही नाही. दुपारची वेळ होती, मी मागं मापं लावत बसले होते. एक बाई चढ चढून आली. पंचावन्नच्या आसपासची, कोऱ्या कपाळाची. हातात पिशवी आणि फोन. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"हे तुमीच लिवलंय व्हय?" तिनं फोन पुढं केला.

"व्हय," आई म्हणाली. "लेकीनं लिवलं, पर माझंच हाय."

"मी नळदुर्गाहून आली. हायवेला भाकरीची खानावळ हाय माझी." मग जरा थांबली. "आमच्या मालकाला जाऊन अकरा वर्षं झाली. पोरीनं हे वाचून दावलं. तुमी लिवलंय, ज्यांना चालत असंल त्यांनी यावं." ती अजून खालीच उभी होती. "तुमाला चालंल का, मी आलेली?"

माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. मला वाटलं, आई नाही म्हणते की काय. आणि खरं सांगायचं तर, ते वाक्य लिहिताना उलट्या बाजूनं कुणी ते वाचेल हे आम्हा दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

"वर या," आई म्हणाली. "बसा. हात बघू."

हात भाकऱ्या थापून रुंद झालेला, बोटांना पिठाच्या भेगा, तव्याचे दोन चटके. आईनं अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं. "दोन-आठ लागंल. कंच्या रंगाच्या देऊ?"

"कंच्या बी द्या. लोकांच्या डोळ्यावर न येणाऱ्या."

आईनं वरच्या नळ्यावरून हिरव्या काढल्या. बाईनं त्यांच्याकडं बघितलं, नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाली नाही. हात मात्र ताठ झाला. अकरा वर्षं त्याला कुणी असं धरलंच नसेल. आईनं थोडं तेल लावलं, तळवा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "हात सैल सोडा बाई. माहेरी आलाय असं समजा."

बाबांचं वाक्य. ते गेल्यापासून मी ते त्या खोलीत ऐकलं नव्हतं. मी दोरा शोधायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. बाहेरून एकेक बांगडी सरकल्याचा आवाज येत होता.

परत आले तेव्हा सहा आणि सहा भरून झाल्या होत्या. बाई हात पुढं धरून नुसती बघत होती. आईच्या बोटांत तेरावी होती.

"ही जास्त आली," बाई म्हणाली.

"ती मोजायची न्हाय. आमच्यात देतेत."

"मग ती ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," बाई म्हणाली. तिनं वाकून नमस्कार केला. आईनं बाबांसारखेच अवघडून हात जोडले. मग हात सोडून तिनं त्या बाईला जवळ घेतलं, आणि दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. एसटीची वेळ झाली तेव्हा बाई उठली. तेरावी बांगडी आईनं गादीच्या कडेला ठेवली होती. ती तिथून उचलून नळ्यावर लावलेली मी पाहिली नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी पुण्यातच होते. फोनवर आई रोजचं सांगायची. नळदुर्गाच्या बाईनं दोघींना पाठवलं होतं. एक नुसती बघून गेली, दुसरी बसली. बार्शीहून दुसऱ्याच एक सासू-सून वाचून, ठरवून आल्या होत्या. शेजारच्या काकू अजूनही बांधूनच नेत होत्या. गर्दी म्हणावी अशी नव्हती, पण ओळ वाचून वर चढणाऱ्या बायका होत्या. आई दिवसाला किती हात झाले ते सांगेनाशी झाली होती, कोण आली होती तेवढं सांगायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ऑफिसात माझा फोन वाजला. तुमच्या ठिकाणाला नवा फोटो जोडला आहे, असं नकाशा सांगत होता. मी उघडला. आईनं त्या कॉलेजच्या पोरीकडून काढून घेतलेला असणार, कारण जरा तिरका होता. कुणा मुलीचा हात, आणि त्याला धरलेले आईचे दोन हात. पदर ओढलेला नव्हता. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आईच्या डाव्या मनगटावर एक हिरवी काचेची बांगडी होती. आईचा हात दोन-चारचा. ही तिला बरीच मोठी होती, घसरून अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली होती.

मी फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"फोटो दिसतोय का गं नकाशात?" तिनंच विचारलं.

"दिसतोय."

"नीट दिसतोय ना?"

"सगळं दिसतंय आई."

"बरं. मग ह्यांचा काडू नको. दोनी ऱ्हाऊ देत." पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. "ठिवते आता. गिऱ्हाईक आलंय."